सात नंबरची नसलेली

आमच्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकापाशी चौकशीची खिडकी आहे आणि त्या खिडकीत मी बसते. माझ्या ताब्यात हरवलेल्या छत्र्या, आईबापांपासून सुटलेली मुलं आणि तक्रारवही. चौदा वर्षांत अशा एकोणीस वह्या भरल्या, आणि त्यातल्या निम्म्या तक्रारी एकाच पेटीबद्दल आहेत. सर्पगृहातली सात नंबरची पेटी रिकामी आहे. सात नंबरमध्ये नुसतं लाकूड ठेवलं आहे. आम्हाला मूर्ख समजता का. एका गृहस्थांनी तर पान फाटेपर्यंत पेन दाबून ‘लाकूड’ एवढा एकच शब्द लिहिला होता, आणि खाली सही.

ही पेटी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाकडे आहे. म्हणजे शिव्या खायच्या मी आणि पेटी सांभाळायची त्याने, अशी वाटणी.

पेटी रिकामी नाही, त्यात एक पाल आहे. पाटीवर ‘पानशेपटी पाल’ असं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरांत माहिती, की ही दूरच्या दमट जंगलातली, झाडावर राहणारी. दिवसभर खोडाला डोकं खाली करून चिकटून असते. रंग हुबेहूब सालीचा, आणि अंगाच्या कडेने कातडीची झालर, जी खोडावर पसरली की सावलीसुद्धा पडत नाही. शेवटी ‘निरखून पाहा’ असं आहे. ते दादाने स्वतः लिहून घेतलं. सुट्टीच्या दिवशी तीन पोरं सांभाळत आलेल्या माणसाला निरखून पाहायला सवड असते, असा त्याचा समज. शेजारच्या पेटीत अजगर आहे, मांडीएवढा जाड, काचेला टेकून पडलेला. त्याच्याबद्दल एकही तक्रार नाही.

सर्पगृहातले बाकीचे दोघे या पालीला ‘नसलेली’ म्हणतात. नसलेलीला पाणी मारलं का, नसलेली जेवली का, असं एकमेकांना विचारतात आणि हसतात. दादा हसत नाही. कुणाच्या तरी सामानात, पायमोज्यात गुंडाळून आणलेली ही पाल पकडली गेली तेव्हा ती बोटाएवढी होती. दादाने तिला नऊ वर्षं वाढवली. तिला कोणी नसलेली म्हटलं की तो फक्त मान खाली घालून फवाऱ्याची बाटली भरायला लागतो.

लोकांच्या सोयीसाठी त्याने एक युक्ती काढली होती, आणि त्या युक्तीने माझ्या तक्रारी दुप्पट झाल्या. रोज सकाळी तो पाल शोधायचा आणि ती दिसली की काचेवर बाहेरून लाल कागदाचा एक ठिपका चिकटवायचा. आता काच आणि खोड यांच्यात हातभर अंतर. ठिपक्यावरून नजर नेमकी पालीवर जायची, पण ती दादाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, आणि दादा बुटका. बाकीच्यांना ठिपक्यामागे साल दिसायची. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने दोन दिवस विचार केला आणि पेटीसमोर जमिनीवर पिवळ्या रंगाने दोन पावलं काढली. स्वतःचीच.

“इथे उभं राहायचं,” तो म्हणाला. “उंच असेल त्याने वाकायचं.”

“दादा, त्यापेक्षा ठिपका लोकांच्या उंचीला लाव ना.”

“लोकांची उंची म्हणजे किती?”

यावर मला पटकन काही सुचलं नाही, आणि मला सुचलं नाही म्हणजे त्याचं बरोबर, असं त्याने धरून टाकलं. त्या चिमुकल्या पावलांत एकाही मोठ्या माणसाचा पाय मावत नाही. लोक त्यावर उभे राहतात, वाकत नाहीत, आणि तरातरा माझ्या खिडकीशी येतात. मी त्यांना सांगते, “आहे हो, नीट बघा.” आणि खरं सांगायचं तर या नऊ वर्षांत मी स्वतः ती पाल एकदाही पाहिली नव्हती. एक-दोनदा काचेत डोकावले, काही दिसलं नाही, जेवायची सुट्टी संपली, निघून आले.

आम्ही एकाच घरात राहतो. खाली दादा-वहिनी, वरच्या खोलीत मी. जेवण एकत्र. घरातला दादा पाहिला तर हा माणूस सालीवरची पाल शोधतो यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. त्याला घरात काहीही सापडत नाही. चप्पल पायाशी असते आणि तो दाराबाहेर शोधतो. टॉवेल खांद्यावर असतो. आणि मीठ. मिठाची बरणी ताटासमोर, पांढरीशुभ्र, लाल झाकणाची, आणि तीस वर्षं रोज तो विचारतो, “मीठ कुठंय?”

“समोर,” वहिनी म्हणते.

“समोर कुठे?”

“अहो, डोळे फुटलेत का? समोर म्हणजे समोर.”

हे आमचं रोजचं बोलणं. त्यामुळे यंदा त्याचा हा वेंधळेपणा वाढला तेव्हा आम्ही दोघी फक्त जास्त वैतागलो, दुसरं काही नाही. त्याने ग्लासाशेजारी पाणी ओतलं. एका पायात स्वतःची आणि एका पायात वहिनीची चप्पल घालून कामावर आला. माझ्या खिडकीवरून जाताना मला हात करायचा तो करेना. मी समजले, ठिपक्यावरून बोलले होते त्याचा राग आहे. सर्पगृहातले दोघे वेगळीच कुरकुर करत होते. पालीला खायला रातकिडे घालतात, आणि दादा हल्ली निवडून मोठे नरच मागवत होता, जे सारखे किरकिरतात. कामाच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तेही लिहून घेतलं. लिहून घेणं हेच माझं काम.

मग एका मंगळवारी सकाळी वही उघडली तर रविवारची एक तक्रार होती, सुबक अक्षरांत. दर रविवारी चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका येतात आणि घडीच्या स्टुलावर बसून प्राणी काढतात. त्या कधी कुरकुरल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलं होतं: ‘गेले तीन रविवार सात नंबरचा ठिपका चुकतो आहे. मी पावलांवर उभी राहिले, सांगितल्याप्रमाणे वाकले, पण ठिपक्यामागे प्राणी नाही. आधी नेहमी असे. ठिपका लावणाऱ्याने कृपया डोळे तपासून घ्यावेत.’

मी हसले. आता बाईसुद्धा चिडल्या, म्हटलं. मग ते शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं, आणि ग्लासाशेजारी ओतलेलं पाणी आठवलं, आणि खिडकीवर ‘पाच मिनिटांत येते’ची पाटी लावून मी सर्पगृहाकडे निघाले.

दादा मागच्या खोलीत रातकिड्यांच्या डब्याला कान लावून उभा होता. मी दारात येऊन उभी राहिले तरी त्याने मान वळवली नाही. मी माझा हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

“किती?”

“कोण? तू होय,” तो म्हणाला. “काय किती?”

“दादा, किती बोटं?”

तो डब्याचं झाकण लावायला गेला, ते दोनदा बाजूला पडलं.

मग त्याने सांगितलं. चार महिने झाले. आधी धुकं असल्यासारखं, मग दुधातून पाहिल्यासारखं. संस्थेच्या डॉक्टरकडे जावं तर ते मोतीबिंदू म्हणणार, शस्त्रक्रिया म्हणजे दोन्ही डोळ्यांची मिळून महिनाभर रजा, आणि महिनाभर पालीला शोधणार कोण? बाकीचे दोघे सापांचे. त्यांना लांबलचक आणि हलणारं कळतं.

“मग तू चार महिने ठिपका लावतोस कसा?”

“आधी तिची विष्ठा दिसायची, पांढरी. ती जिथे पडली असेल त्याच्या वर ती असणार, असं धरून लावायचो. तीन आठवडे झाले, तीही दिसत नाही.”

“आणि आता?”

“अंदाजाने.”

“आणि ती जिवंत आहे हे कशावरून?”

त्याने डब्याकडे बोट केलं. संध्याकाळी तो पेटीत सहा नर सोडायचा. ते किरकिरत. सकाळी किरकिर थांबलेली असली म्हणजे ती जेवली. एवढ्यावर त्याचं चाललं होतं. रातकिडे फटीतून पळालेही असतील, मेलेही असतील, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “असेल ती. असायला हवी.”

मला त्याचे दोन्ही खांदे धरून हलवावंसं वाटलं. कारण गोष्ट एवढीच नव्हती. सर्पगृहाच्या रोजच्या नोंदवहीत एक रकाना आहे, ‘डोळ्यांनी पाहिले’. पूर्वी कोणीतरी न बघताच बरोबरच्या खुणा करत होतं आणि एक कासव आठवडाभर पेटीत नव्हतंच, तेव्हापासूनचा हा नियम. त्या रकान्यात दादाने चार महिने रोज खूण केली होती. आणि गुरुवारी वर्षाची मोजणी होती. नवीन साहेबांना सात नंबरची पेटी एका हिरव्यागार सापासाठी हवी होती, जो लोकांना लांबून दिसेल. मोजणीत पाल दिसली तर राहू द्या, नाही दिसली तर पेटी मोकळी करा, असा त्यांचा लेखी निरोप होता. पेटी मोकळी करायची म्हणजे आतलं खोड, साल, पानं सगळं काढून भट्टीत टाकायचं, कारण रोगराई नको. पाल त्या खोडावर असली आणि कोणाला दिसली नाही, तर तीही खोडाबरोबर जाणार.

“हात घालून चाचपून बघ की,” मी म्हटलं.

“घाबरली तर शेपूट टाकते. आणि मला दिसतच नाही, तर हात नेमका तिच्यावर पडला म्हणजे?” मग म्हणाला, “तुला दिसतं ना. तू शोध.”

बुधवारी फाटक उघडायच्या अर्धा तास आधी मी त्या पिवळ्या पावलांवर उभी राहिले, गुडघे वाकवून, कारण मी त्याच्याहून वीतभर उंच आहे. दादा शेजारी उभा राहून शिकवत होता.

“पाल शोधू नको. पाल शोधलीस तर साल दिसेल.”

“मग काय शोधू?”

“खोडावर कुठे फुगीर आहे ते बघ. फुगीर जागेखाली सावली असते. जिथे फुगीर आहे आणि सावली नाही, ती ती.”

मी फुगीर जागा मोजल्या. अकरा निघाल्या. अकराही जागांखाली व्यवस्थित सावली होती. एकदा मला पाय दिसला, तो ढलपा निघाला. एकदा डोळा दिसला, ती गाठ निघाली. अर्ध्या तासाने माझ्या कमरेचा काटा ढिला झाला आणि मी त्याला नाही नाही ते बोलले. चार महिने गप्प बसलास, म्हटलं, एका पालीसाठी डोळे घालवायला निघालास, आणि आता माझ्या गळ्यात टाकून मोकळा. तो ऐकून घेत होता.

घरी कोणाला सांगू नकोस म्हणाला होता. मी संध्याकाळी वहिनीला सांगितलं. ती धुतलेले कपडे घडी करत होती. हातातला शर्ट तसाच मांडीवर घेऊन ती खाली बसली.

“मी रोज म्हणते त्यांना,” ती म्हणाली. “डोळे फुटलेत का म्हणून. रोज.”

मी म्हटलं, “तू तीस वर्षं म्हणते आहेस.”

“तेव्हा फुटले नव्हते गं,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मला सांत्वन करता येत नाही. मी उरलेल्या कपड्यांच्या घड्या केल्या.

गुरुवारी मी खिडकीवर पाटी लावली आणि पुन्हा पावलांवर जाऊन उभी राहिले. मोजणी जनावरांच्या डॉक्टरबाई करतात. त्यांनी एक नंबरपासून सुरुवात केली. मी काचेला नाक लावून उभी, दादा भिंतीला टेकून. दोन झाली, तीन झाली. अजगराशी त्या जरा रेंगाळल्या, कारण अजगराशी सगळेच रेंगाळतात. मग आमच्याजवळ आल्या. काचेवरच्या ठिपक्याकडे त्यांनी पाहिलं, न पाहिल्यासारखंच, आणि पेन टेकवलं.

“सात. आहे,” त्या म्हणाल्या.

संपलं होतं सगळं. एक वर्ष मिळालं होतं. मी मनात म्हटलं, उद्या याला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते.

“बाई, खूण करू नका,” दादा म्हणाला. “मला ती दिसत नाहीये.”

त्या क्षणी मी त्याला फवाऱ्याच्या बाटलीने मारलं असतं.

“म्हणजे आज लपली आहे?”

“म्हणजे मला दिसत नाही. चार महिने. रोज खूण केली ती खोटी. तुम्ही माझ्या ठिपक्यावर खूण करताय, आणि ठिपका अंदाजाचा आहे.”

डॉक्टरबाईंनी पेन वर घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या काचेत बघत राहिल्या, इकडून, तिकडून, चष्मा काढून, चष्मा लावून. मग म्हणाल्या, “मला लिहावं लागेल मग. दिसली नाही तर ‘नाही’ लिहावं लागेल.” त्यांनी घड्याळात पाहिलं. “बाहेरचे पिंजरे करून येते. तासभर लागेल.”

त्या गेल्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बोलता बोलता शोधत होते आणि शोधता शोधता बोलत होते. पाऊण तास गेला. अकराच्या अकरा फुगीर जागा मला तोंडपाठ झाल्या.

“ठिपका काढ आधी,” दादा म्हणाला.

“आता ठिपक्याचं काय?”

“तू त्याच्याच आसपास बघतेयस. मला तुझ्या आवाजावरून कळतंय. तो चुकीचा आहे, काढ तो.”

मी तो ठिपका नखाने ओरबाडून काढला आणि वैतागून खाली बसले, त्या पिवळ्या पावलांवरच. पाय दुखत होते. समोर खोडाचा अगदी बुडखा होता, जिथे दादाचा ठिपका कधीच नसायचा, कारण उभ्या माणसाला तिथे बघावंसं वाटत नाही. सालीवर एक फुगवटा होता. त्याखाली सावली नव्हती. मी बघत राहिले, आणि त्या सालीतून एक जीभ बाहेर आली, गुलाबी, लांब, आणि सालीला असलेला एक डोळा तिने पुसून घेतला.

“दादा,” मी म्हटलं.

तो खाली बसला. मी काही सांगायच्या आत त्याने विचारलं, “डोळा चाटला का? तिला पापण्या नसतात. तसाच पुसते ती.” त्याने काचेला बोट लावलं, चुकीच्या जागी. मी ते धरून हातभर खाली नेलं. तो तिथे बघत राहिला. त्याला काहीच दिसत नव्हतं हे मला माहीत होतं, आणि तरी तो बघत होता.

“शेपूट?”

“आहे. सगळी आहे.”

त्याने कपाळ काचेला टेकलं. मग बाहीने डोळे पुसले, दोन्ही. मला त्याची इतकी कीव आली आणि इतका राग आला की दोन्ही एकदम कसं मावतं कोण जाणे.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा आम्ही दोघं जमिनीवर होतो. त्याही बसल्या, पांढऱ्या कोटासकट. मी बोट दाखवलं. त्यांना दिसायला बराच वेळ लागला.

“सहा वर्षं खूण करतेय मी हिची,” त्या म्हणाल्या.

म्हणजे सहा वर्षं ती पाल फक्त माझ्या भावाच्या डोळ्यांवर अस्तित्वात होती, आणि साऱ्या संस्थेने त्यावर सह्या केल्या होत्या, माझ्यासकट.

सात नंबरची पेटी राहिली. दादाला चार महिन्यांच्या खोट्या खुणांबद्दल लेखी समज मिळाली. ती त्याने घडी करून खिशात ठेवली आणि बरोबरच आहे म्हणाला. तो डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेला तो महिनाभर सकाळचा ठिपका मी लावला, माझ्या बसण्याच्या उंचीवर. लगेच वहीत तक्रारी आल्या की ठिपका गुडघ्यापाशी का. चित्रकलेच्या बाईंनी मात्र घडीच्या स्टुलावर बसल्या बसल्या ती पाहिली आणि ‘ठिपका सुधारला आहे, आभार’ असं लिहिलं.

दादाच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी तो घरी न येता थेट सर्पगृहात गेला. काचेसमोर खाली बसला, श्वास घ्यायला लागतो तेवढ्यात म्हणाला, “आज उजवीकडे सरकलीय,” आणि माझा ठिपका दोन बोटं बाजूला केला.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. वहिनीने त्याच्या आवडीचं केलं होतं आणि ती त्याच्याकडेच बघत होती, तो ताट बघतो का, ग्लास बघतो का. पहिला घास घेतल्यावर तो ताटावरून इकडे तिकडे बघू लागला.

“मीठ कुठंय?”

बरणी समोर होती. लाल झाकणाची. वहिनीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “दिसत नाहीये, की नेहमीचं?”

त्याने वर पाहिलं. तिच्याकडे जरा वेळ, नीट, निरखून पाहिलं.

“नेहमीचं,” तो म्हणाला.

वहिनीने बरणी त्याच्या हातात दिली, आणि मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, “समोर म्हणजे समोर.”